गवतामागचा प्रवास : मसाई मारा आणि सेरेंगेटीतील वन्यजीवदर्शन

'सफारी' हा शब्द मराठी कानाला परका वाटू नये. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रुजलेल्या स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ केवळ 'प्रवास' असा आहे. अरबीतील 'सफर' हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेला आणि फारसीच्या वाटेने इकडे आला. त्याला आजचा अर्थ चिकटला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मोठा लवाजमा घेऊन केनियात शिकारीसाठी उतरले आणि त्यानंतर श्रीमंत युरोपीय व अमेरिकी शिकाऱ्यांची तिकडे रीघ लागली. आज प्रत्येक पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकात झळकणारा 'बिग फाइव्ह' हा शब्दप्रयोगही त्या शिकाऱ्यांचाच. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा या पाच प्राण्यांची पायी शिकार करणे सर्वांत धोक्याचे, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यात आकाराचा किंवा देखणेपणाचा काही संबंध नव्हता. म्हणूनच जिराफ, पाणघोडा आणि चित्ता या यादीबाहेर राहिले. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदूक गेली, यादी मात्र राहिली. पाचही प्राणी दोन दिवसांत 'उरकून' परत फिरण्याची घाई अनेक पर्यटकांत आजही दिसते ती या वारशामुळेच.

या घाईत एक गोष्ट नजरेतून निसटते. मसाई मारा आणि सेरेंगेटीतील सारे नाट्य चालते ते गवताच्या जोरावर. पाऊस कोठे पडतो, गवत केव्हा उगवते आणि त्या गवतापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी आहे की नाही, यावर तेथे काय दिसणार हे ठरते. शिवाय त्यातील बराचसा भाग अभयारण्याच्या सीमेबाहेर ठरतो.

दोन देश, एक कुरण

केनियाच्या नैऋत्य टोकाला असलेले मसाई मारा राष्ट्रीय अभयारण्य सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे आहे. त्याला लागून दक्षिणेस टांझानियाचे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे माराच्या जवळपास दहापट. सेरेंगेटीच्या आग्नेयेला गोरोंगोरोचे संरक्षित क्षेत्र आहे. भोवतालची शिकारक्षेत्रे आणि मसाई पशुपालकांची गायराने धरली तर हा सलग प्रदेश पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जातो. त्यात माराचा वाटा फार लहान. तरीही सर्वाधिक नाव त्याचेच, कारण जुलै ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत मोठे कळप तेथे एकवटतात.

दोन्ही देशांमधली सीमा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आणि जर्मन मुत्सद्द्यांनी नकाशावर पट्टी ठेवून आखली. प्राणी ती मानत नाहीत. पर्यटकाला मात्र ती मानावी लागते. मारातून मोटारीने सरळ सेरेंगेटीत उतरता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा घ्यावा लागतो किंवा विमानाचा आधार घ्यावा लागतो. नैरोबीत गेल्यावर 'उद्या पलीकडेही जाऊन येऊ' असा बेत करणाऱ्यांची येथे हमखास निराशा होते.

सेरेंगेटीच्या आग्नेय भागात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर वायव्येला आणि माराकडे तो १,००० ते १,२०० मिलिमीटरपर्यंत जातो. कळपांच्या साऱ्या प्रवासाची गुरुकिल्ली या फरकात आहे. दक्षिणेकडील मैदानांवर गोरोंगोरो परिसरातील ज्वालामुखींची राख हजारो वर्षे बसत आली. राखेचा थर खाली दगडासारखा घट्ट झाल्याने तेथे झाडे मुळे धरू शकत नाहीत; आखूड, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध गवत मात्र उत्तम उगवते. विणाऱ्या आणि पाजणाऱ्या माद्यांना हेच गवत हवे असते. अडचण एकच : पावसाळा संपला की तेथे पिण्याला पाणी उरत नाही. मग कळप उत्तरेला निघतात. उत्तरेचे गवत उंच आणि कमी कसदार, पण ते कोरड्या दिवसांतही टिकते आणि जवळच मारा नदी असते. या सगळ्या प्रदेशात बारमाही वाहणारी मोठी नदी हीच एक. पाऊस पुन्हा दक्षिणेत सुरू झाला की कळपही माघारी फिरतात.

कळपांचे वर्ष

या प्रवासाचा मुख्य मानकरी विल्डबीस्ट. त्याचे दुसरे नाव 'नू'. गाईसारखे शरीर, घोड्यासारखी शेपटी आणि बोकडासारखी दाढी अशी त्याची काहीशी ओबडधोबड ठेवण असली, तरी तो कुरंगांच्या कुळातला प्राणी आहे. त्याच्या सोबत सुमारे दोन लाख झेब्रे आणि काही लाख थॉमसन गॅझेल असतात. महाराष्ट्रातील माळरानांवर दिसणारा चिंकारा हा या गॅझेलचा भाऊबंदच.

एवढे तोंड एका कुरणावर कसे भागते, याचे उत्तर पंगतीच्या पद्धतीत आहे. झेब्रा रवंथ करीत नाही. निकस, दांडोरे गवतही तो मोठ्या प्रमाणात पचवू शकतो. पहिल्या पंगतीला तो बसतो आणि उंच, जून गवत खाऊन टाकतो. मागून येणाऱ्या विल्डबीस्टला त्यामुळे खालची पाने मोकळी मिळतात. तिसऱ्या पंगतीतल्या गॅझेलला जमिनीलगतचे कोवळे धुमारे पुरतात. शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास हा क्रम मांडला. एरवी कंटाळवाणा वाटणारा चरणारा कळप हे माहीत असले की वेगळाच दिसू लागतो. आधी कोण आले, मागे कोण राहिले, यावरून त्या मैदानावर गवताची अवस्था काय आहे हे जाणकार वाटाड्या सांगू शकतो.

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत दक्षिणेत, न्डुटूच्या आसपास विल्डबीस्टची वीण होते. बहुतेक पिल्ले दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. सिंह आणि तरसांची पोटे कितीही मोठी असली, तरी इतक्या थोड्या दिवसांत ती किती पिल्ले फस्त करणार? संख्येतच संरक्षण शोधण्याची ही रीत आहे. पिल्लू काही मिनिटांत उभे राहते आणि पहिल्याच दिवशी आईबरोबर धावू लागते. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसानंतर कळप पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे सरकतात, जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीच्या परिसरात असतात, जुलै-ऑगस्टमध्ये मारा नदीवर पोहोचतात आणि नोव्हेंबरच्या छोट्या पावसाबरोबर परत दक्षिणेची वाट धरतात. हे वेळापत्रक रेल्वेचे नव्हे. पाऊस पंधरा दिवस लांबला की कळपही तेवढेच थबकतात. म्हणून 'अमुक तारखेला नदी ओलांडताना दाखवू' असे ठामपणे सांगणाऱ्या सहल आयोजकाकडे थोडे संशयानेच पाहावे.

नदी ओलांडण्याच्या दृश्याबद्दलही बरेच गैरसमज आहेत. कळप एकदाच नदी ओलांडून पलीकडे जातो, असे दूरचित्रवाणीवरील माहितीपटांमुळे वाटते. प्रत्यक्षात उत्तरेतील तीन-चार महिन्यांत पलीकडे पाऊस पडला की तिकडे, अलीकडे गवत फुटले की इकडे, असे कळप पुनःपुन्हा नदी उतरतात. कळपाला नेता नसतो. हजारो प्राणी काठावर जमतात, तासन्‌तास घुटमळतात, पुढचे मागे वळतात, मागचे पुढे रेटतात. एखादा प्राणी अचानक उडी घेतो आणि मग लोंढा थांबत नाही. कधी दिवसभर ताटकळूनही एकही प्राणी पाण्यात उतरत नाही. मगरी टपलेल्या असतात हे खरे. पण अधिक बळी जातात ते चेंगराचेंगरीत आणि बुडून. २००१ ते २०१५ या काळातील नोंदींच्या आधारे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मारा नदीत वर्षाला सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडून मरतात. त्यांचे मांस मगरींना, गिधाडांना, मारबू करकोच्यांना आणि माशांना पुरते, तर हाडांतून पुढे सुमारे सात वर्षे नदीला फॉस्फरस मिळत राहतो. कळपाच्या मानाने हा मृत्युदर किरकोळ आहे. नदीच्या दृष्टीने तो वार्षिक शिधाच होय.

बुळकांडीपासून उपग्रहापर्यंत

सेरेंगेटीतील ही गर्दी अनादिकाळापासून जशीच्या तशी चालत आली, असे समजणे चूक ठरेल. १८९० च्या दशकात गुरांच्या बुळकांडीने पूर्व आफ्रिकेत हाहाकार माजवला. मसाईंची बहुतेक गुरे मेली, माणसे उपाशी मेली. विल्डबीस्ट आणि रानरेडेही मोठ्या संख्येने दगावले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ हा रोग वन्यप्राण्यांत धुमसत राहिला. भोवतालच्या गुरांना लसी टोचल्यानंतर १९६० च्या दशकात तो ओसरला आणि विल्डबीस्टची संख्या झपाट्याने वाढली. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले प्राणी १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. राष्ट्रीय उद्यानाची सीमा सांभाळून जे साधले नसते, ते सीमेबाहेरच्या गुरांना टोचलेल्या लशीने साधले. बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याची अधिकृत घोषणा २०११ मध्ये झाली.

तेरा लाखांचा हा आकडा त्यानंतर इतक्या वेळा सांगितला गेला की तो जणू कायमचाच होऊन बसला. त्याला धक्का दिला तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेने. २०२२ आणि २०२३ मधील उपग्रह छायाचित्रे संगणकाकडून तपासून घेतली असता प्रत्येक वर्षी सहा लाखांहूनही कमी विल्डबीस्ट मोजले गेले. विमानातून नमुनादाखल पट्टे मोजून संपूर्ण संख्या काढण्याची जुनी पद्धत आणि ही नवी पद्धत यांची सरळ तुलना करता येत नाही. झाडांखालचे प्राणी उपग्रहाला दिसत नाहीत, हेही खरे. त्यामुळे प्राणी निम्म्यावर आले, असा निष्कर्ष लगेच काढणे घाईचे होईल. परंतु जुना आकडा डोळे झाकून वापरण्याचे दिवस संपले, एवढे निश्चित.

पाहावे कसे

ताडोबा किंवा पेंचमध्ये वाघ पाहण्याची सवय असलेल्यांना मारातील पहिला दिवस गोंधळात टाकतो. ताडोबात झाडी दाट. तेथे सांबराचा किंवा वानराचा इशारा ऐकून, पाऊलखुणा वाचून वाघाचा माग काढायचा असतो. मारात दृष्टी मैलभर पोहोचते. तेथे कानांपेक्षा डोळ्यांचे काम अधिक. सारे गॅझेल चरणे थांबवून एकाच दिशेला टक लावून उभे असतील, तर तिकडे गवतात कोणीतरी आहे हे नक्की. आकाशात गिधाडे घिरट्या घालत असतील तर अजून काही ठरलेले नाही. ती एकामागून एक खाली उतरू लागली, की तेथे शिकार पडलेली असते. वाळवीच्या वारुळावर बसलेला चित्ता बहुधा टेहळणी करीत असतो. अंजिराच्या किंवा बाभळीच्या आडव्या फांदीवरून लोंबणारी शेपटी दिसली, तर वर बिबट्या आहे.

सिंह दिवसाचे अठरा-वीस तास झोपा काढतात. दुपारी बाराला झाडाखाली पसरलेला कळप पाहून 'हे तर काहीच करीत नाहीत' असे म्हणणारे पर्यटक त्यामुळे खोटे बोलत नसतात. त्यांची वेळ चुकलेली असते. पहाटे सहा ते नऊ आणि सायंकाळी चारनंतरचे दोन-अडीच तास हीच खरी वेळ. तरसाविषयीचा पूर्वग्रह तर घरीच ठेवून जावा. १९६० च्या दशकात हान्स क्रूक यांनी गोरोंगोरोच्या विवरात रात्री तरसांच्या मागे राहून केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तेथील तरस आपले बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात आणि सकाळी शिकारीवर ऐटीत बसलेला सिंह अनेकदा त्यांच्याकडून ती हिसकावून घेतलेला असतो. दिवसा पाहणाऱ्यांना फक्त शेवटचा अंक दिसतो, आणि त्यावरून खलनायक ठरतो.

चित्त्याची गोष्ट वेगळी, आणि काळजीची. सिंह-तरसांशी गाठ पडू नये म्हणून तो बहुधा दिवसा शिकार करतो. पर्यटकही दिवसाच फिरतात. अंगाने तो हलका असल्याने कोणीही त्याचा घास पळवू शकतो. म्हणून शिकार झाली की ती भराभर उरकणे त्याला भाग असते. भोवती मोटारींचे कडे पडले की शिकारीचा अंदाज चुकतो, सावज सावध होते आणि मोटारींची गर्दी लांबून पाहून तरसही तेथे पोहोचतात. मारातील चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी पर्यटन असलेल्या भागात मादी एका वेतातील सरासरी २.३ पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत वाढवू शकत होती. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात हे प्रमाण ०.२ होते. म्हणजे जवळपास पाच वेतांत एक पिल्लू. ज्या प्राण्याच्या छायाचित्रासाठी गर्दी होते, त्याच्याच पिढीवर ती उठते. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ पासून कुनोत आफ्रिकेतून चित्ते आणून वसवण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्या पार्श्वभूमीवर हे आकडे भारतीय पर्यटकाला अधिक बोचायला हवेत.

नियम आहेत. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचाहून अधिक मोटारी असू नयेत, किमान पंचवीस मीटर अंतर राखावे, रस्ता सोडून गवतात मोटार घालू नये, खाली उतरू नये. ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी मारा नदीच्या काठावर मात्र ते कागदावरच असल्याचे आढळते. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीच्या उत्तर भागात पर्यटक मोटारींतून उतरून थेट नदीकाठी उभे राहिले आणि विल्डबीस्टची वाट अडली; त्याची चित्रफीत जगभर फिरली तेव्हा कोठे अधिकाऱ्यांना कडक भूमिका घ्यावी लागली. यात चालकाला दोष देणे सोपे असते. पण चालकाची कमाई बरीचशी बक्षिसीवर अवलंबून असते आणि 'आणखी जवळ घ्या' हा आग्रह मागच्या आसनावरूनच येतो. 'आम्हाला घाई नाही, लांबून पाहिले तरी चालेल,' एवढे पहिल्याच सकाळी सांगितले, तर चालकही मोकळा श्वास घेतो आणि बहुधा अधिक चांगले प्राणी दाखवतो.

सीमेबाहेरची जमीन

माराच्या भोवती कुंपण नाही, आणि ते नसावे यातच त्याचे जीवन आहे. अभयारण्याच्या उत्तरेला व पूर्वेला मसाईंची जमीन आहे. केनियातील निम्म्याहून कितीतरी अधिक वन्यप्राणी अशाच, राष्ट्रीय उद्यानांबाहेरच्या जमिनींवर राहतात. १९७७ ते २०१६ या काळात केनियाच्या कुरणप्रदेशांतील वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचे सरकारी हवाई गणनांवरून दिसून आले. सेरेंगेटीचे स्थलांतर जगाला ठाऊक आहे. पण माराचे आणखी एक, छोटे स्थलांतर होते. लोइटा मैदानांवरून दरवर्षी विल्डबीस्ट माराकडे येत. शेती, कुंपणे आणि वस्ती यांमुळे १९७० च्या दशकातील त्या कळपांपैकी फार थोडे आता उरले आहेत. त्यावर फारसे माहितीपट निघाले नाहीत.

कुंपणे का आली, हे समजून घेतले पाहिजे. पूर्वी मसाईंची जमीन सामायिक होती. पुढे ती कुटुंबांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या नावावर तुकडा आला. ज्याच्या हाती सातबारा, तो बांध घालणारच. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. यावर निघालेला तोडगा म्हणजे 'कॉन्झर्व्हन्सी'. शेकडो जमीनमालक आपले तुकडे एकत्र करून भाडेपट्ट्याने देतात, पर्यटन व्यावसायिक त्यांना दरमहा ठरावीक रक्कम देतात आणि त्या जमिनीवर कुंपण घातले जात नाही. गुरे चारण्यावर पूर्ण बंदी नसते. हंगाम पाहून पाळीपाळीने चराई चालते. २००६ मध्ये ओलारे ओरोक येथे, पुढे मारा नॉर्थ, नाबोइशो अशा क्षेत्रांत ही पद्धत रुजली. तंबूंची संख्या मर्यादित असल्याने तेथे गर्दी कमी. रात्रीची फेरी आणि वाटाड्याबरोबर पायी भटकंती, या मुख्य अभयारण्यात नसलेल्या गोष्टीही तेथे करता येतात. दर अर्थात जास्त. या व्यवस्थेचा कच्चा दुवाही उघड आहे : २०२० मध्ये करोनाच्या साथीने पर्यटक थांबले, तेव्हा भाडेही आटले. पर्यटकावर उभ्या राहिलेल्या कुरणाला पर्यटक नसण्याचीही भीती असते.

मसाई आणि सिंह यांचे सहजीवन वर्णनात वाचायला गोड वाटते. प्रत्यक्षात एका रात्रीत दोन गाई गमावणाऱ्या कुटुंबाचे नुकसान मोठे असते. डिसेंबर २०१५ मध्ये, दूरचित्रवाणी मालिकेमुळे जगभर ओळखल्या जाणाऱ्या 'मार्श प्राइड' या कळपातील सिंहांवर विषप्रयोग झाला आणि त्यांपैकी काही मेले. अशा विषारी मढ्यांवर उतरणारी गिधाडे तर डझनावारी मरतात.

सीमेच्या पलीकडे प्रश्न वेगळ्या रूपात आहे. सेरेंगेटीतून मसाईंना १९५९ मध्ये बाहेर काढण्यात आले आणि त्यांची सोय गोरोंगोरोत करण्यात आली. जून २०२२ मध्ये टांझानिया सरकारने लोलिओंडो भागातील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमीन संरक्षित क्षेत्र म्हणून आखण्यास सुरुवात केली, तेव्हा मसाई आणि पोलीस यांच्यात चकमकी झाल्या आणि अनेक कुटुंबे केनियाच्या हद्दीत गेली. गोरोंगोरोतील रहिवाशांना दूरच्या जिल्ह्यात हलवण्याची योजनाही त्याच सुमारास पुढे रेटण्यात आली. माणूस नसलेले 'अस्सल' आफ्रिकी रान पाहण्याची पर्यटकाची हौस या निर्णयांमागे कोठेतरी असतेच. केनियातही २०२५ मध्ये माराच्या नदीकाठी उभारलेल्या एका आलिशान मुक्कामामुळे स्थलांतराची वाट अडते, असा आक्षेप घेत स्थानिक मसाई नेत्याने न्यायालयात धाव घेतली होती.

जी मारा नदी या साऱ्या प्रवासाचा शेवटचा आधार, तिचा उगमही अभयारण्यात नाही. तो उत्तरेला माऊच्या डोंगरी जंगलात आहे. शेती आणि अतिक्रमणे यांनी त्या जंगलाचा मोठा भाग गेला आहे. एखाद्या दुष्काळी वर्षी ही नदी आटली, तर कळपांना जाण्यासाठी दुसरी नदी नाही.

जाणाऱ्यांसाठी

मुंबई ते नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तासांचा प्रवास आहे. नैरोबीहून मारा रस्त्याने सुमारे २७० किलोमीटर, पाच-सहा तास. विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण ते एक तास. जुलै ते सप्टेंबर हे महिने ताडोबा-पेंचचे गाभा क्षेत्र पावसाळ्यामुळे बंद असण्याचे आणि मारा ऐन भरात असण्याचे. साहजिकच मराठी पर्यटक त्याच काळात तेथे सर्वाधिक दिसतात. २०२४ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार परदेशी प्रौढ पर्यटकाला माराचे प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर आहे, आणि तिकीट चोवीस तासांऐवजी बारा तासांचे झाले आहे. 'तीन रात्री, चार दिवस' अशा सहलीत हे शुल्क धरले आहे का, हे आधी विचारून घ्यावे. काळा गेंडा पाहायचाच असेल तर मारापेक्षा गोरोंगोरोच्या विवरात शक्यता अधिक. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या त्या तळात बहुतेक सगळे प्राणी भेटतात, जिराफ मात्र उतार उतरून खाली येत नाही.

मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. विषुववृत्त जवळ म्हणून सुती कपड्यांवर जाणाऱ्यांना पहाटेच्या उघड्या मोटारीत हुडहुडी भरते. स्वेटर आणि कानटोपी लागतेच. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी असावी, कुटुंबात एक नको. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून, तर राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर २०२० पासून बंदी आहे. खाऊ बांधताना हे लक्षात ठेवावे. प्रवासापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो. हिवतापाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस अगोदर, सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी आणि तिचे पिवळे कार्ड पारपत्रासोबत ठेवावे. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभरासाठी ग्राह्य मानली जाते. हे कार्ड केनियात शिरताना कोणी पाहिले नाही म्हणून बॅगेच्या तळाशी टाकू नये. परतताना मुंबईच्या विमानतळावर ते मागितले जाते, आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.